अनुभव धागा: घरखर्चात पैसे कसे वाचवता? स्वतः करता तेच लिहा

मृण्मयी_ठाणे
काल दुपारी खालून "भांडीऽऽय" अशी हाक आली आणि मी हातातलं काम टाकून गॅलरीत धावले. बोहारीण! किती वर्षांनी! आमच्या चाळीत ती आली की आई ट्रंकेतून जुने कपडे काढायची. बोहारीण एकेक साडी उजेडाकडे धरून बघायची, कुठे विरलीय का, जर काळी पडलीय का. आधी पुढे करायची एक वाटी. आई म्हणायची, "एवढ्या साड्यांवर वाटी? ते पातेलं काढ." मग "अजून एक पँट घाला ताई" करत तासभर घासाघीस. त्यातलं एक पातेलं आईकडे अजून दुधाला आहे.

बाबांचा एकट्याचा पगार, आम्ही तीन भावंडं, आजी. तरी कधी ओढाताण जाणवली नाही, ती आईच्या अशा बारीकसारीक गोष्टींमुळे. आता आम्ही दोघं कमावतो तरी वीस तारखेनंतर हात आखडतोच. म्हणून हा धागा. माझ्याकडून एक: डबे उघडून बघितल्याशिवाय किराण्याची यादी करायची नाही. आणि दहा मिनिटांत सामान आणून देणारी अ‍ॅपं फोनवरून काढून टाकली. कोथिंबिरीची जुडी मागवायला जावं तर "एवढ्याचं घ्या म्हणजे डिलिव्हरी फुकट" म्हणत वेफर्स आणि आइस्क्रीम घरात येतं.

पमा_सांगली
वर्षाचा गहू. एप्रिलात घ्यायचा, निवडायचा, चार कडक उन्हं द्यायची, गार झाला की कोठीत. तळाला आणि मध्येमध्ये कडुनिंबाचा वाळवलेला पाला. तूरडाळीला एरंडेल चोळते. दर महिन्याला भावाची चिंता नाही आणि घरच्या दळणाची पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. सध्या एवढंच, कुकर झालाय.

झुळूक
पमाताई, लोकवन की सिहोर?? आणि फ्लॅटमध्ये ऊन कुठून आणू 😀

पमा_सांगली
लोकवन. गच्चीची किल्ली मागून घे गं. आमच्या जाऊबाईंच्या सोसायटीत सगळ्याजणी वार ठरवून वाळवणं घालतात.

वायरमन_काका
विजेचं सांगतो, रोजचं काम आहे. साधा जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. रोज १२ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. घरात चार पंखे असतील तर हिशोब करा. महावितरणचा दर टप्प्यांचा आहे, १०० युनिटच्या पुढच्या प्रत्येक युनिटला बराच जास्त दर लागतो. म्हणजे वाचतं ते वरचं, महागडं युनिट. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. ज्या खोलीत रात्रभर पंखा चालतो तिथून सुरुवात करा. ६० वॅटचा पिवळा बल्ब कोणाकडे उरला असेल तर आजच काढा, ९ वॅटच्या एलईडीत तेवढाच उजेड पडतो. आणि सेट टॉप बॉक्स बटणावरून बंद करा, रिमोटने बंद केला तरी तो वीज खातच असतो.

नागपूरची_लेक
काका आमच्याकडे मे महिन्यात पंखा गरम हवाच फेकतो हो 🥵 कूलरला वाळ्याच्या ताट्या, दुपारी खिडक्यांना ओले पडदे. एसी फक्त बाबांच्या खोलीत.

रानवारा
प्रवास!! माझी आई ७८ ची, एसटीत तिला तिकीटच नाही. ७५ च्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. आधार कार्ड पिशवीतच असतं तिच्या. पूर्वी "कशाला खर्च" म्हणून बहिणीकडे जायची टाळायची, आता मनात आलं की निघते. मावशी आणि ती मिळून पंढरपूरला पण जाऊन आल्या. पैशापेक्षा मला त्याचाच आनंद जास्त आहे.

झुळूक
किती गोड. आईंना नमस्कार सांगा 🙏

साधना_के
वाचत होते, लिहू की नको असं झालं. दोन वर्षांपूर्वी ह्यांची कंपनी बंद पडली. मुलगा दहावीला. त्या महिन्यांत घर चाललं ते बचत गटाच्या कर्जावर आणि पोस्टातल्या आरडीवर. ती आरडी मी शिवणाच्या पैशातून भरत होते, ह्यांना माहीतही नव्हती. पाच वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती. बायांनो, थोडी का होईना पण स्वतःच्या नावावर चालू करा. खर्च करून उरलं तर टाकू म्हटलं की उरत नाही, आधी भरायची आणि मग बाकीचा महिना.

मृण्मयी_ठाणे
साधनाताई, बरं केलंत लिहिलंत. मुलाचं काय झालं मग?

साधना_के
आयटीआयला आहे आता, फिटर. ह्यांनाही काम लागलं, लांब आहे पण आहे.

सदानंद_नाशिक
औषधं. बीपी आणि शुगरच्या गोळ्या जन्मभराच्या, त्या जनऔषधी केंद्रातून घेतो. घटक तोच, किंमत ब्रँडपेक्षा खूपच कमी. मात्र पट्टी डॉक्टरांना दाखवून "हीच ना?" विचारून मग सुरू केली. तुम्हीही तसंच करा, परस्पर बदलू नका.

आरोही_हॅनोव्हर
थोडं अवांतर. इकडे जर्मनीत प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पावती मिळते. माझी लेक त्या पावत्यांचा हिशोब ठेवते. सासूबाई आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "आमच्याकडे रद्दीवाला हेच करतो, वर गप्पा मारतो." मला रद्दीवाल्याची फार आठवण आली तेव्हा.

मोगरा
साय!! कुणीच कसं लिहिलं नाही. रोजच्या दुधाची साय विरजून ताक, लोणी, तूप. विकतचं तूप आमच्याकडे येत नाही. वर बेरीत साखर घालून पोरांची भांडणं फुकट 😄

झुळूक
बेरीऽऽ! आम्ही पातेलं पोळीने पुसून खायचो. मोगरा, माझं तूप रवाळ होत नाही, काय करू?

मोगरा
लोणी तीनचार पाण्यांतून धू, आंच मंद ठेव, बेरी तांबूस झाली की लगेच बंद कर. उतरवताना विड्याचं पान टाक. आणि गाळल्यावर हलवू नकोस, सावकाश गार होऊ दे.