पेशी ‘हात’ ओळखते, असे म्हणावे का?

मूळ मत
माकडाच्या मेंदूत ‘हात ओळखणारी’ चेतापेशी सापडली, असे वाक्य विज्ञानलेखनात वारंवार येते आणि दर वेळी ते मला खटकते. १९७२ मध्ये चार्ल्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडाच्या शंखखंडाच्या (मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या) खालच्या भागातील एका पेशीची नोंद केली. ही पेशी प्रकाशाच्या कोणत्याही उद्दीपनाला दाद देत नव्हती. पडद्यासमोर हात हलवताच मात्र तिचे विद्युत-स्पंद एकदम वाढले, आणि मग पुढचे १२ तास संशोधक कागदाचे निरनिराळे आकार कापून तिला दाखवत राहिले. पण जे आकार कापायचे सुचलेच नाहीत, त्यांचे काय? केइजी तानाका यांनी पुढे चित्रातला तपशील पायरीपायरीने कमी करत नेला, तेव्हा वाघाच्या डोक्याला उत्तर देणारी एक पेशी पांढऱ्या चौकोनावरच्या दोन काळ्या आयतांवरही तितकीच खूश असल्याचे दिसले. तिला वाघाशी काही देणेघेणे नव्हते.

प्रतिसाद १
हा निष्कर्ष घाईचा आहे. डोरिस त्साओ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मकाक माकडांच्या मेंदूतील एका छोट्या भागात नोंदी घेतल्या, तेव्हा दृश्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशींपैकी ९७ टक्के चेहऱ्यांसाठीच राखीव असल्यासारख्या वागल्या. त्याच वर्षी अफ्राज, कियानी आणि एस्तेकी यांनी अशा पेशींच्या पुंजक्यांना विजेने सौम्यपणे चेतवले, आणि माकडे गढूळ चित्रांनाही ‘चेहरा’ म्हणण्याकडे झुकली. नुसते काळे आयत मोजणाऱ्या पेशींकडून हे कसे घडेल?

मूळ लेखक
पुंजक्यांना चेतवले, एका पेशीला नव्हे. माझे म्हणणे तेच आहे: ओळखण्याचे काम एकटी पेशी करत नाही. ले चँग आणि त्साओ यांनी २०१७ मध्ये चेहऱ्यांचे ५० मापांत वर्णन करून, अवघ्या २०५ पेशींच्या उत्तरांवरून माकडाने पाहिलेले चेहरे पुन्हा रेखाटले. मात्र प्रत्येक पेशी एकाच दिशेतला, म्हणजे या मापांच्या एका ठरावीक मेळातला, फरक मोजत असल्यामुळे, दिसायला अगदी वेगळ्या असलेल्या चेहऱ्यांनाही ती सारखेच उत्तर देई.

प्रतिसाद २
आधीचा टप्पाही पाहावा. दृश्य माहिती शंखखंडात पोचण्याआधी जिथून जाते त्या व्ही-४ या मेंदूच्या भागातील पेशी, अनिता पसुपती आणि चार्ल्स कॉनर यांनी दाखवल्याप्रमाणे, बाह्यरेषेचे एखादे वळण टिपते, आणि तेही वस्तूच्या मध्यापासून ठरावीक बाजूलाच असेल तर. १०९ पेशींची उत्तरे एकत्र केल्यावर त्यांना २००२ मध्ये आकृतीची बाह्यरेषा परत मिळवता आली.

प्रतिसाद १
मान्य, तरीही २०१७ मधल्या त्या दिशा चेहऱ्यांच्याच होत्या. ‘चेहरा-पेशी’ हे नाव मी सोडणार नाही.

मूळ लेखक
नाव ठेवा. पण त्साओ यांच्या २००६ च्या त्याच नोंदींत, गोल सफरचंदांना आणि घड्याळांनाही त्यातल्या काही पेशींनी थोडेफार उत्तर दिले होते, तेवढे त्या नावाखाली लिहीत जा.