जुनी जेनोप्टेम ८×३०: संग्रहासाठी घ्यावी की पक्षीनिरीक्षणासाठी?

माळटिटवी:
पुण्यातील एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडे ‘कार्ल झाइस येना, जेनोप्टेम ८×३०’ (आठपट मोठे दाखवणारी, ३० मिमी व्यासाच्या पुढच्या भिंगाची) ही पूर्व जर्मनीत तयार झालेली दुर्बीण पाहण्यात आली. बाहेरून ती सुस्थितीत आहे, मात्र उजव्या नळीतून किंचित धूसर दिसते. संग्रही ठेवायची आहेच, पण हिवाळ्यात भिगवणला पक्षी पाहण्यासाठी वापरावी अशीही इच्छा आहे. मी चष्मा वापरतो. घेण्यापूर्वी काय तपासावे?

धनेश:
सर्वप्रथम दोन्ही नळ्या एकाच दिशेला रोखलेल्या आहेत का ते पाहावे. दूरची विजेची तार दुर्बिणीत धरून दुर्बीण सावकाश डोळ्यांपासून दूर न्यावी. दोन्ही नळ्यांतील तार वर-खाली सरकलेली दिसली, तर आतील लोलक (प्रिझम) बहुधा जागचे हलले आहेत. थोडा फरक डोळे सांभाळून घेतात, त्यामुळे दुकानात मिनिटभर पाहून हा दोष लक्षात येत नाही आणि पाणवठ्यावर तासभर बसल्यानंतर डोके दुखू लागते. धूसरपणासाठी मोठ्या भिंगातून टॉर्चचा झोत तिरका टाकावा. एकसारखा पातळ थर दिसला तर तो बहुधा वंगणाचा असतो आणि जाणकार कारागीर तो काढू शकतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू मात्र बुरशीचे. तिने भिंगावरचे कोटिंग (परावर्तन कमी करणारा लेप) खाल्ले असेल, तर साफसफाईनंतरही डाग राहतो.

शिंजीर:
झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनरोधक लेप १९३५ मध्ये शोधला. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो; असे दहा पृष्ठभाग असले की जवळपास एक तृतीयांश प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून महायुद्धापूर्वीच्या दुर्बिणी मी कपाटातच ठेवतो. जेनोप्टेम लेपाच्या काळातली आहे, आणि १००० मीटरवर सुमारे १५० मीटर रुंदीचा पट्टा दाखवत असल्याने उडता थवा शोधणे तिच्यातून फार सुखाचे जाते. आपली अडचण चष्म्याची आहे. या दुर्बिणीला डोळा अगदी जवळ न्यावा लागतो, त्यामुळे चष्म्यासह तो रुंद पट्टा कडांनी कापला जाईल. केवळ लांबचे किंवा जवळचे दिसण्याचा नंबर असेल तर चष्मा काढून पाहता येईल. तिरका (सिलिंड्रिकल) नंबर जास्त असल्यास मी ती क्षेत्रभेटीसाठी घेणार नाही.

धनेश:
शिंजीर यांच्याशी सहमत आहे. झाइसचे नाव कोरलेल्या बनावट दुर्बिणीही बाजारात फिरतात, तेव्हा अक्षरांची कोरणी आणि अनुक्रमांक एखाद्या खात्रीच्या नगाशी ताडून पाहावा.