शाळेच्या हॉकी टीमचा ग्रुप ठेवायचा की सोडायचा?

खडकीचा राइट हाफ
परवा इथे ‘जुना लेफ्ट आऊट’ यांनी लिहिलं, ‘लहानपणीची टीम त्या वयापुरतीच. चाळिशीनंतर तिचा ग्रुप चालवणं म्हणजे जुने मोजे वास येतो तरी कपाटात जपणं.’ डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

साहेब, तुम्ही आयडी काहीही घ्या, बोलता क्रिकेटवाल्यासारखं. मागे फुलबॅक उभा आहे या भरवशावर मी पुढे घुसायचो. खडकीच्या मुरमाड ग्राउंडवर पडलं की गुडघा सोलून निघायचा. खड्ड्यात आपटलेला चेंडू थेट नडगीवर. शिनगार्ड सगळ्यांना पुरायचे नाहीत, उरलेले मोज्यात वहीचे पुठ्ठे कोंबायचे. तडकलेल्या स्टिकला सायकलची ट्यूब कापून गुंडाळायची. धनराज पिल्ले याच खडकीत मोडक्या स्टिकांवर शिकला. आम्ही कुणी धनराज झालो नाही, ते सोडा. आजही आमचा सेंटर हाफ फोनवर हॅलो म्हणत नाही, ‘डावा गुडघा काय म्हणतोय?’ असं विचारतो. बायकोला कुठला दुखतो ते आठवत नाही, त्याला आठवतं. त्यानेच फोडलाय ना!

जुना लेफ्ट आऊट
शाळेत चार वर्षं खेळलोय, तेव्हा क्रिकेटवाला तुमचे तुम्ही. सकाळी सुविचार, दुपारी राजकारण, रात्री टकलावरचे जोक, याला तुम्ही टीम म्हणता? गेल्या वर्षी आमच्या ग्रुपवर लोणावळ्याला रिसॉर्ट ठरलं, माणशी साडेचार हजार. आमचा गोली रिक्षा चालवतो. ‘बघतो’ एवढं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी ग्रुप सोडला. एकानेही का म्हणून विचारलं नाही, उलट कुणीतरी खाली नाचणारा इमोजी टाकला. ज्याने आमच्यासाठी छातीवर चेंडू झेलले तो बाहेर, आणि आत ‘यारी दोस्ती’.

मातीतला खेळाडू
तो रिक्षा का चालवतो ते विचारा आधी. टर्फमुळे, त्या कृत्रिम गवतामुळे! १९७६ ला मॉन्ट्रियलला ऑलिंपिक टर्फवर गेलं आणि आपण सातवे आलो. तिथून खेळ गरिबाच्या पोराच्या हातातून गेला.

बालेवाडी_१६
आलं टर्फ! १९८० चं मॉस्कोचं सोनं काय शेतात जिंकलं का? तेही टर्फवरच होतं.

मातीतला खेळाडू
सहा संघ होते मॉस्कोला. पाकिस्तान, हॉलंड, पश्चिम जर्मनी, बहिष्कारामुळे कुणी आलंच नव्हतं. टांझानियाला १८-० हरवलं त्याचे ढोल किती वर्षं वाजवणार?

बालेवाडी_१६
बरं. मग १९८४ ला लॉस एंजेलिसला पाकिस्तानने सोनं नेलं ते कसं? त्यांची पोरंही गवतावरच वाढली होती. टोकियोत ४१ वर्षांनी ब्राँझ आलं ते टर्फवर हाडं झिजवणाऱ्या पोरांनी आणलं. तुमचं आपलं रडगाणं चालू.

मातीतला खेळाडू
रडगाणं? माझा धाकटा भाऊ निवड चाचणीला गेला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा टर्फ बघत होता. पाणी मारलेलं, पायात साधे कॅनव्हासचे बूट. पहिलाच पास एवढा सुसाट आला की स्टिक खाली जाईपर्यंत चेंडू लाइनच्या बाहेर. दुसऱ्याला घसरून पालथा पडला. बाकावरची पोरं हसली, सरांनी नावावर काट मारली. घरी येऊन स्टिक माळ्यावर टाकली ती आजतागायत. तुमचा पाकिस्तान तुम्हाला लखलाभ.

खडकीचा राइट हाफ
अरे, विषय काय, चाललंय काय! दुसरा धागा काढा की.

लेफ्ट इन ताई
तुम्हाला सोडायला निदान ग्रुप तरी आहे. आमच्या मुलींच्या टीमचा फोटो आहे माझ्याकडे, मागे पेन्सिलने नावं, सगळी माहेरची. आता फेसबुकवर शोधू कुणाला? आडनावं बदलली, दोघींची तर सासरी नावंही बदलली. आमची कॅप्टन पेनल्टी कॉर्नरला गोलमधून सगळ्यांच्या आधी चेंडूवर सुटायची. दहावीनंतर लग्न होऊन गेली ती गेलीच. आणि तुम्ही इथे टर्फवर पाणी किती मारायचं ते ठरवताय.

जुना लेफ्ट आऊट
ताई, तुमच्यापुरतं मानलं, ग्रुप हवा. राइट हाफसाहेब, तुमच्या त्या गुडघेतज्ज्ञ सेंटर हाफला लावा की शोधायला.

खडकीचा राइट हाफ
लावतो. त्याची मोठी बहीण मुलींच्या टीममध्ये होती, तिला विचारायला सांगतो. ताई, फोटो पाठवा, मागची बाजूही. आणि लेफ्ट आऊट, तुम्ही त्या गोलीला आधी फोन करा, मग आम्हाला शहाणपण शिकवा. रविवारी सकाळी त्याला घेऊन खडकीत या. चहा आणि बनमस्का, साडेचार हजार नाही.

जुना लेफ्ट आऊट
त्याच्याच रिक्षातून येतो, मीटरने. ग्रुपात मात्र ओढायचं नाही, सांगून ठेवतो.

मातीतला खेळाडू
ग्राउंड कुठलं? नेहरूनगरच्या टर्फवर नेणार असाल तर मला धरू नका.