१९६९ची गाणी खरंच सरस, की आपण फक्त गाळून उरलेलं ऐकतोय?

जुनी तबकडी:
"हल्लीच्या गाण्यांत दम नाही" असं म्हणून सगळे मोकळे होतात, मोजून कोणी दाखवत नाही. म्हणून दावा नेमका मांडतो. फक्त अमेरिकी पॉपपुरतं बोलू, कारण बिलबोर्डची 'हॉट १००' यादी ऑगस्ट १९५८पासून दर आठवड्याची मिळते आणि हातात धरायला काहीतरी असतं. दावा असा : १९६५ ते १९७५मधलं लोकप्रिय गाणं गेल्या दहा वर्षांतल्या गाण्यापेक्षा रचना म्हणून सरस आहे. रेकॉर्डिंगचा दर्जा, आठवणी वगैरे बाजूला ठेवा.

आधी बांधणी बघा. बत्तीस बारचा जुना साचा घ्या (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन, बहुधा चार मात्रांचं). आठ बारची ओळ, तीच पुन्हा, मग निराळ्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटावर) जाणारा आठ बारचा 'ब्रिज', मग पुन्हा पहिली ओळ. ब्रिजमध्ये चाल घर सोडते, म्हणून परतल्यावर तीच ओळ वेगळी लागते. आज चार कॉर्डचं एकच चक्र पहिल्या सेकंदापासून शेवटापर्यंत फिरतं. चाल कुठे गेलेलीच नसते, मग परतायचं कुठून? दुसरं, पट्टी बदलणं. पांढरी एकमध्ये चाललेलं गाणं शेवटच्या ध्रुवपदाला काळी एकवर चढायचं. हा प्रकार पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांतून जवळपास नाहीसा झालाय. तिसरं, सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा. १९८६ ते २०१५मधल्या अव्वल दहातल्या गाण्यांचा एक अभ्यास आहे. त्यात हा तुकडा सरासरी वीसहून अधिक सेकंदांवरून पाचेक सेकंदांवर आलेला दिसतो. गाण्याचा एक अवयवच कापला की.

कानसेन:
तुमच्या डोक्यात १९६९ म्हटल्यावर काय वाजतं ते सांगू? वुडस्टॉक, त्या वर्षीचा तो रॉक महोत्सव. आणि बिलबोर्डने त्या वर्षातलं सर्वांत मोठं गाणं कुठलं ठरवलं? 'शुगर, शुगर'. कार्टून मालिकेतल्या काल्पनिक बँडच्या नावावरचं. १९६६मध्ये 'द बॅलड ऑफ द ग्रीन बेरेज' हे लष्करी गौरवगीत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. आज ते आवडीने कोण लावतं?

जुनं वर्ष आपल्यापर्यंत येतं ते पन्नास-साठ वर्षं चाळणीतून गळून. चालू वर्ष चाळणीत पडलेलंच नसतं, खडेकुटे सगळे त्यातच. निवडलेल्या तांदळाशी न निवडलेला तांदूळ तोलून "पीक बिघडलं" म्हणण्यातला हा प्रकार आहे.

चार कॉर्डचं म्हणाल तर सी, ए मायनर, एफ, जी हे चक्र १९५०च्या दशकात इतकं वापरलं गेलं की त्या दशकाचंच नाव त्याला चिकटलं. बारा बारच्या ब्लूजमध्ये (अमेरिकी कृष्णवर्णीयांचा जुना गायनप्रकार) तर मूळ कॉर्ड तीनच. आणि शेवटी अर्धा सूर वर चढणं हा रचनेचा विजय कधीपासून झाला? दोन अंतऱ्यांनंतर नवं काही सुचत नसलं की तेच गाणं उचलून वर ठेवायची ती सोपी युक्ती. ती गेली ते बरंच झालं.

जुनी तबकडी:
चाळणीचा मुद्दा अर्धा मान्य. सरासरी गाण्याबाबत तो लागू पडतो, वरच्या टोकाबाबत नाही. प्रत्येक वर्षातली उत्तम पाचच गाणी घ्या, तिथे खडे नसतातच. आणि ब्रिजला तुम्ही उत्तर दिलेलं नाही. पन्नाशीतल्या त्या चार कॉर्डच्या गाण्यांतही बहुतेकदा ब्रिज असायचा. चक्र सोडून जायची सोय होती.

ठेकेदार:
ब्रिजचं उत्तर मी देतो. तुम्ही मोजमाप पेटीवर बसून ठरवलंय. पेटीवर जे वाजवता येतं, म्हणजे चाल आणि कॉर्ड, तेवढंच तुमच्या लेखी रचना. आजचं काम चाललंय ठेक्यात आणि नादात.

ट्रॅप या हिप-हॉपच्या प्रकारातली हाय-हॅट (झांजांची जोडी) ऐका. साधा आठाचा ठेका चालू असताना मधेच एका ठोक्यात तीन, मग आठ घाव असे तुकडे पडतात, आणि ते तुकडे गायकाच्या ओळीच्या श्वासावर बसवलेले असतात. खाली बेस (खर्जाचा सूर) आहे तो १९८०मध्ये आलेल्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या किक ड्रमवरून, म्हणजे मोठ्या ढोलाच्या आवाजावरून. त्याचा सूर लांबवून, पट्टीत लावून, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरवत नेतात. म्हणजे ढोल आणि बेस एकच झाले आणि त्यांनी चाल गायला सुरुवात केली. कॉर्डचं चक्र तेच राहतं, पण दुसऱ्या अंतऱ्यात बेस काढून घेतात, वरची पट्टी (इथे पट्टी म्हणजे कंपनसंख्यांचा पट्टा) फिल्टरने बंद करतात, मग ध्रुवपदाला सगळं एकदम उघडतात. घर सोडून परत येण्याचं तुमचं काम इथे नादाने होतं. कागदावर उतरवलंत तर अर्थातच काही दिसणार नाही.

हे फोनच्या स्पीकरवर ऐकून निकाल देणाऱ्यांचं तर काय बोलावं! बेसचा मूळ सूर ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपनं) आसपास, तो इवलासा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. म्हणून मिक्स करणारे बेसला मुद्दाम थोडं फाडतात. त्यातून वरचे स्वरांश तयार होतात आणि मूळ सूर नसतानाही असल्यासारखा वाटतो. तरी निम्मं गाणं गेलेलं असतंच. याउलट साठीतलं गाणं एएम रेडिओसाठी मधल्या पट्टीत भरलेलं, ते फोनवरही गुबगुबीत वाजतं. तुलना तिथेच झुकली.

आकडेमोड:
तबकडी आणि कानसेन, दोघांनाही एक विचारतो. 'हॉट १००' ही दर वर्षी एकच गोष्ट मोजते, असं गृहीत कशावरून धरलंत? फुटपट्टीच तीन-चारदा बदललीय.

नोव्हेंबर १९९१पर्यंत दुकानं सांगतील ती विक्री आणि रेडिओ केंद्रं कळवतील ती यादी असा सगळा तोंडी कारभार. मग बारकोडवरची विक्री आणि यंत्राने टिपलेलं प्रसारण आलं. डिसेंबर १९९८पर्यंत गाणं स्वतंत्र सिंगल (एका गाण्याची वेगळी प्रत) म्हणून विकायला नसेल तर ते यादीत येऊच शकत नव्हतं. नो डाउट बँडचं 'डोन्ट स्पीक' रेडिओच्या यादीत सोळा आठवडे पहिलं होतं, 'हॉट १००'मध्ये एकदाही नाही. लेड झेपेलिनच्या 'स्टेअरवे टू हेवन'चंही तेच, अमेरिकेत सिंगल निघालीच नाही. म्हणजे तबकडीसाहेब, तुमच्या लाडक्या १९७१मधलं बहुधा सर्वांत गाजलेलं रॉक गाणं तुमच्याच यादीत नाही.

स्ट्रीमिंग धरायला लागल्यापासून उलटा घोळ. अल्बम निघाला की त्यातलं प्रत्येक गाणं यादीत घुसतं. जुलै २०१८मध्ये पहिल्या दहापैकी सात जागा एकट्या ड्रेक या रॅपरकडे होत्या. आणि डिसेंबर २०१९मध्ये पहिल्या क्रमांकावर आलं ते मरायाह केरीचं १९९४मधलं नाताळगीत. त्याचे गुण कुठल्या वर्षाच्या खात्यात टाकायचे?

अभ्यासही आपापल्या सोयीने वापरले जातात. २०१२मध्ये सेरा आणि सहकाऱ्यांनी १९५५ ते २०१० या काळातली साडेचार लाखांहून जास्त रेकॉर्डिंग तपासली. स्वरांच्या हालचालींतलं वैविध्य कमी, नादाचा पट अरुंद, आवाज चढता, असा निष्कर्ष निघाला. तबकडीचा पक्ष जिंकला म्हणा. पण २०१५मध्ये माउख आणि सहकाऱ्यांनी 'हॉट १००'मधल्या सुमारे १७ हजार गाण्यांचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे तपासले. त्यात सतत घसरण दिसत नाही. वैविध्य सर्वांत कमी १९८६च्या सुमारास, ड्रम मशीनच्या भरात, आणि नंतर ते पुन्हा वाढतं. मोठी वळणं १९६४, १९८३ आणि १९९१. त्यांपैकी १९९१ म्हणजे मोजणी बदलली तेच वर्ष. त्या वळणात संगीत किती बदललं आणि मोजणी किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. आणि दोन्ही अभ्यास वैविध्य मोजतात, दर्जा नाही.

मंद्रसप्तक:
फुटपट्टीच्याही आधी एक गोष्ट. तुम्ही सगळे कुठली प्रत ऐकताय? १९६९चं गाणं म्हणून जे वाजतं ते बरेचदा नंतरचं रीमास्टर (मूळ ध्वनिमुद्रणावर पुन्हा काम करून काढलेली आवृत्ती) असतं. त्यात लिमिटर या साधनाने आवाजाची शिखरं छाटून सगळा आवाज वर ओढलेला. मग ते १९६९चं ध्वनिमुद्रण कसलं!

तुलना करायचीच तर अशी करा. रीमास्टर टाळून सीडीची पहिली आवृत्ती मिळवा. प्रत्येक गाण्याची पूर्ण लांबीची लाउडनेस एलयूएफएसमध्ये मोजा (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा). लाउडनेस-युद्ध (गाणी एकमेकांपेक्षा मोठी वाजवण्याची चढाओढ) ऐन भरात असतानाची गाणी उणे ८च्या आसपास सापडतील, सत्तरीतली उणे १६ किंवा त्याहूनही खाली. मग सगळ्यांत हळू गाण्याच्या पातळीवर बाकीची उतरवा. हळू गाणं वर चढवू नका, शिखरं शून्य डेसिबलला (डिजिटलची कमाल मर्यादा) आपटून फाटतील. फरक अर्ध्या डेसिबलच्या आत ठेवा. एका डेसिबलचा फरक कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. खरी गफलत तिथेच होते, कारण पातळी वाढली की बेस आणि वरची पट्टी कानाला जास्त ठळक लागते.

डायनॅमिक रेंजचे (हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतराचे) आकडे तोंडावर फेकणाऱ्यांनाही इशारा. तबकडीवरून उतरवलेली प्रत सीडीपेक्षा तीन-चार अंकांनी जास्त दाखवू शकते, मूळ मास्टर (प्रती ज्यावरून निघतात ते ध्वनिमुद्रण) एकच असलं तरी. तबकडी कापताना आणि सुईने वाजवताना फेज (ध्वनिलहरींचा आपसातला मेळ) सरकते, छाटलेली सपाट टोकं पुन्हा टोकदार होतात आणि मीटर फसतो. गाण्याला एक कणही जास्त श्वास मिळालेला नसतो.

जुनी तबकडी:
म्हणजे आवाज दाबून गाणी मारली गेली हे तरी कबूल?

मंद्रसप्तक:
काही काळ, हो. मेटॅलिका बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) हा अल्बम ठरलेलं उदाहरण. सीडी इतकी दाबलेली की त्याच गाण्यांची गिटार हीरो या व्हिडिओ गेममधली प्रत ऐकायला बरी. पण आता स्पॉटिफाय डीफॉल्टने गाणी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणतं. उणे ७वर दाबलेलं गाणं सात डेसिबल खाली ढकललं जातं. शिखरं गमावली आणि मोठेपणाही मिळाला नाही. दाबण्याचा फायदा तिथे संपला, सवय मात्र अजून संपलेली नाही.

जुनी तबकडी:
बरं. यादी सदोष आहे, मान्य. पट्टी बदलण्याचा मुद्दा मागे घेतो, तो दुबळाच होता. सुरुवातीच्या तुकड्याचा आणि ब्रिजचा नाही.

ठेकेदार म्हणतात नादाच्या उघडमिटीने तेच काम होतं. होतं, पण एका गाण्यात दोनदा. तिसऱ्यांदा तीच झडप उघडली की कान आधीच जाऊन बसलेला असतो. दुसरं, आजचं गाणं छोटं आणि घाईचं आहे ते कलेच्या कारणाने नाही. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की एक प्ले धरला जातो, गाणं दोन मिनिटांचं असो की सात. मग ध्रुवपद तिसाव्या सेकंदाच्या आत आणणं आलंच.

कानसेन:
आणि तुमचं तीन मिनिटांचं गाणं कलेच्या कारणाने होतं? ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मावायची. पुढे ४५ फेऱ्यांच्या सिंगलवर जास्त मावू लागलं तरी लांबी वाढली की खाचा बारीक कराव्या लागत, आवाज उतरे, आणि रेडिओवाले लांब गाणं घेत नसत. प्रत्येक पिढीची चाल कुठल्या ना कुठल्या डब्याच्या मापाने शिवलेली आहे.

जुनी तबकडी:
डबा फोडणारेही होते. बीटल्सचं 'हे जूड' सात मिनिटांहून लांब, १९६८मध्ये नऊ आठवडे पहिलं. आजचा डबा फोडून कोण पहिलं येतंय?

ठेकेदार:
गळ्याचं मात्र मी तबकडीच्या बाजूने बोलतो, लिहून ठेवा. १९९७मध्ये ऑटो-ट्यून हे सूर सुधारणारं सॉफ्टवेअर आलं. त्याचा वेग शून्यावर ठेवला की खालच्या स्वरावरून घेतलेली मींड सॉफ्टवेअर जवळच्या अर्ध्या सुरांवर बसवतं, घसरगुंडीच्या पायऱ्या होतात. हे परिणाम म्हणून केलं तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मुकाट्याने प्रत्येक ओळ सरळ करणाऱ्यांबद्दल. अभिव्यक्तीसाठी दहा-वीस सेंट खाली ठेवलेला स्वरही चूक समजून उचलला जातो. (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर.) लयीचंही तेच. बँड एकत्र वाजवताना ध्रुवपदाकडे जाताना किंचित पुढे सरकतो. ग्रिडवर (संगणकातल्या समान ठोक्यांच्या चौकटीवर) बसवलं की ते सरकणं गेलं, आणि पहिलं ध्रुवपद कॉपी करून तिन्ही ठिकाणी चिकटवलं की उरलंसुरलंही गेलं.

आकडेमोड:
मग प्रयोगच लावा. १९६९, १९८६, २००४ आणि २०१९मधले प्रत्येकी तीन आठवडे चिठ्ठ्या टाकून निवडा, पहिली चाळीस गाणी घ्या. डिसेंबर वगळा, नाताळगीतं घोळ करतात. प्रत्येक गाण्याचे पहिल्या ध्रुवपदासह नव्वद सेकंद, पातळ्या मंद्रसप्तक सांगतात तशा, क्रम विस्कटलेला. ऐकणारे वेगवेगळ्या जन्मदशकांतले हवेत. होलब्रुक आणि शिंडलर यांच्या १९८९च्या अभ्यासात माणसाची आवड वयाच्या चोविशीच्या आसपास गाजलेल्या गाण्यांवर सर्वाधिक आढळली होती. एकाच वयाची मंडळी बसवलीत तर निकाल ऐकण्याआधीच ठरला. ओळखलेल्या गाण्याचे गुण बाद. आणि प्रत्येक वर्षाचे दोन आकडे काढा, मधल्या गाण्याचा आणि वरच्या पाचांचा.

जुनी तबकडी:
ओळखलेलं गाणं बाद केलं तर १९६९ची वरची पाच जवळपास सगळीच बाद होतील. तो नियम म्हणजे माझे पाय बांधून शर्यत लावणं.

कानसेन:
आणि ठेवलं तर पन्नास वर्षांची जाहिरात फुकट मोजली जाईल. वीस-पंचविशीतले ऐकणारे घ्या, त्यांना जुनी फार ओळखीची नसतात.

आकडेमोड:
त्यांना २०१९ची पाठ असतात. मग उलटीकडचे पाय बांधले गेले. ओळखलेल्यांचे गुण वेगळ्या रकान्यात ठेवा, बाद नको.

मंद्रसप्तक:
रकाने तुम्ही ठरवा. पण १९६९च्या गाण्यांसाठी त्या काळी विकलेल्या सिंगलवरचंच मिक्स धरा, मग ते मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) असलं तरी. साठीतल्या बऱ्याच स्टिरिओ मिक्समध्ये गळा एका कानात आणि ढोल दुसऱ्यात. कोणी एकच इअरबड लावून बसलं तर ते गुण कशाला देतंय हे त्यालाही कळायचं नाही.