अनुभव धागा: पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, गाडी न्यावी का?

सुट्टी लागली की आपल्याकडच्या गाड्या कोकणात उतरतात. कराडकर कुंभार्ली घाटाने गुहागरला, सांगली-मिरजकर आंबा घाटाने गणपतीपुळ्याला. मग कुठलातरी व्हिडिओ फिरतो: एमएच 10 किंवा 11 ची गाडी, खिडकीपर्यंत पाणी, भोवती दोर धरलेली माणसं. मला हे बघवत नाही. माझं मत सांगून टाकते, गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडेच थांबावी. तुम्ही काय पाहिलंय, ते लिहा. वेगळं मत असेल तर तेही लिहा.

कराड, टुरिस्ट गाडी चालवतो
पार्टी हमखास म्हणते, "दादा, जरा खाली घ्या की, फोटो काढायचाय." मी नाही घेत. वरची कोरडी वाळू भुसभुशीत असते, तिथं चाक जागच्या जागी फिरतं. खालची ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट वाटते, गाडी पळतेही. पण उभी केली आणि लाट येऊन गेली की चाकाखालची वाळू सरकायला लागते. घाबरून ॲक्सिलरेटर दाबला की चाक आणखी उकरतं आणि गाडी पोटावर बसते. मग फोर बाय फोर असली तरी उपयोग नाही. ट्रॅक्टर येईपर्यंत भरती थांबत नाही. खारं पाणी वायरिंगमध्ये गेलेली एक गाडी आमच्या गॅरेजला आली होती. वरून चकाचक, पण कनेक्टर उघडले तर आत हिरवट बुरशी धरल्यागत थर.

सातारा, माहेर गुहागर तालुक्यात
आमचे बाबा पंचांग बघून भरती सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला ती साडेअकरा-बाराला येते आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. शिवाय ते उधाणाचे दिवस, पाणी खूप खाली जातं. पर्यटक संध्याकाळी पोचतात तेव्हा पुळण सगळ्यात रुंद दिसते, गाडी खाली जाते, आणि अंधार पडता पडता पाणी वर चढू लागतं. घाटावरच्या माणसाला हे कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि कासवं! नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडलेच्या माद्या रात्री वर येऊन भरतीरेषेच्या वरच्या बाजूला खड्डा करतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2002 पासून त्यांची राखण चालू आहे, नंतर आंजर्ल्यासारख्या गावांनीही ती उचलली. पण जे घरटं कोणाला सापडलंच नाही, त्यावरून टायर गेला तर? पिल्लू बोटाएवढं असतं. चाकोरीत पडलं की बाहेर निघत नाही, आडवं चालत राहतं.

सांगली, वकील
कायद्याचं थोडक्यात. 2019 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा एक-अ या संवेदनशील गटात येतात, भरती-ओहोटीमधला पट्टा एक-ब मध्ये. बेदरकार गाडी चालवून लोकांचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 281 लागू शकतं. गाव, पोलीस किंवा प्रशासनाची मनाई असेल तर ती वेगळी. फलक वाचा.

इस्लामपूर
केरळात कण्णूरजवळ मुळप्पिलंगाडला गाडी न्यायला परवानगी आहे, आम्ही चालवली. सुमारे चार किलोमीटर, वाळू खरंच घट्ट. पण ती त्या किनाऱ्याची गोष्ट. तिथं चाललं म्हणून आपल्याकडं चालेल असं नाही.

सातारा
कासला फुलांच्या हंगामात आपण गाडी लांब लावतो, बसने जातो, पुढं चालतो. कुरकुर झाली, पण सवय लागलीच ना?

मिरज
माझं थोडं वेगळं आहे. आईला संधिवात आहे, वाळूत तिला दहा पावलंही टाकता येत नाहीत. तिला पाण्याला पाय लावायचे होते. आम्ही गाडी वरच ठेवली. हॉटेलवाल्यांच्या मुलांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेलं. लाट आली तशी तिनं साडी गुडघ्यापर्यंत धरली आणि "अजून पुढं न्या रे" म्हणाली. गाड्या बंद कराच, पण अशा माणसांसाठी फळ्यांची वाट किंवा रुंद चाकांची खुर्ची तरी ठेवा.

धागाकर्ती
मिरजकर, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. कोणत्या किनाऱ्यावर अशी वाट किंवा खुर्ची आहे, पाहिली असेल तर गावाच्या नावासकट इथे लिहा.