मिंट टाकल्यापासून विंडोजचं घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे

अक्षरजुळणी:
नमस्कार मंडळी. संगमनेरला माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानातल्या डेस्कटॉपवर विंडोज 10 होतं, त्याच डिस्कवर भाच्याने शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टम टाकून दिली. ऑनलाइन फॉर्म आणि नेटची कामं मिंटवर सुसाट होतात. पण मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय हलत नाही, त्यामुळे दोन्ही हवीच आहेत.

मिंट टाकल्यापासून घड्याळाचं तंत्र बिघडलंय. मिंट बंद करून विंडोज लावलं की वेळ साडेपाच तास मागे. सकाळी दहाला दुकान उघडते, बिलावर छापून येतं पहाटेचे साडेचार. एका गिऱ्हाइकाने विचारलंसुद्धा, ताई, पहाटे झेरॉक्स काढायला कोण येतं हो तुमच्याकडे? हाताने वेळ बरोबर केली आणि मग मिंट लावलं की तिथे उलटा प्रकार. घड्याळ साडेपाच तास पुढे, आणि संध्याकाळी साडेसहानंतर तर तारीखच उद्याची. नेट जोडलं की मिंटचं थोड्या वेळाने आपोआप सुधारतं.

हसण्यावारी नेलं असतं, पण लग्नपत्रिकांच्या फाइलींचा घोळ होतोय. 'फायनल 3' ची वेळ 'फायनल 2' च्या आधीची दिसते. वेळ बघून नवीन फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची माझी सवय, त्यात एकदा जुनीच पत्रिका छापायला जाता जाता राहिली.

दुरुस्तीवाल्याने मदरबोर्डवरची घड्याळाची बॅटरी बदलून पैसे घेतले. फरक शून्य. टाइम झोन दोन्हीकडे भारताचाच आहे, दोनदा बघितला.

गावाकडचा_पीसी:
बॅटरी डुप्लिकेट असेल. माझ्याकडेही घड्याळाचा त्रास आहे, मशीन सुरू केलं की तारीख थेट जुन्या सालाच्या 1 जानेवारीला जाते आणि ब्राउझर एकही साइट उघडत नाही, सर्टिफिकेट चुकीचं म्हणतो.

लॅब_सहायक:
ताई, बॅटरीचा इथे काही संबंध नाही. तुमचं घड्याळ ठणठणीत आहे. चुकीचा आकडा बघा की: साडेपाच तास, ना मिनिट कमी ना जास्त. बॅटरी मरते तेव्हा ती इतका हिशेब करून मरत नाही. साडेपाच तास म्हणजे भारतीय वेळ वजा यूटीसी (जगभराची प्रमाण वेळ). एवढ्यावरच निदान संपतं.

कराडजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी लॅब सांभाळतो. अभ्यासक्रमात दोन्ही सिस्टम असल्यामुळे सगळी मशिन्स ड्युअल बूट आहेत, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही. दर जूनला नवी बॅच आली की हाच प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मदरबोर्डवर घड्याळाची चिप असते, आरटीसी. मशीन बंद असतानाही ती चालते. 1984 च्या आयबीएम पीसी-एटीपासून हीच पद्धत आहे. त्या चिपमध्ये वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद एवढंच साठतं. ही वेळ कुठली, भारताची की यूटीसी, हे लिहायला तिच्यात जागाच नव्हती. डॉसच्या काळापासून विंडोज असं धरून चाललंय की चिपमधली वेळ स्थानिक आहे. लिनक्स धरतं की ती यूटीसी आहे आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवायचे. मिंटला नेटवरून वेळ मिळाली की ते चिपमध्ये यूटीसी लिहून ठेवतं. नंतर विंडोज येतं, तोच आकडा भारताची वेळ म्हणून वाचतं, आणि तुमचं दुकान पहाटे उघडतं.

खात्री करायची असेल तर मिंट अर्धा तास नेट जोडून चालू ठेवा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जा. भिंतीवर 10:42 असतील तर तिथे 5:12 दिसतील.

उपाय दोन आहेत, त्यातला एकच करायचा. आमची पोरं नेटवर शोधून दोन्ही करतात. मग विंडोज यूटीसी धरतं, लिनक्स स्थानिक धरतं, आणि पुन्हा तोच घोळ उलट्या बाजूने.

दुकानाच्या मशीनवर मी मिंटच्या बाजूने बदल करीन, विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगच्या साठ्यात) हात घालायला नको. मिंटमध्ये नेट जोडा, वेळ बरोबर दिसू द्या. मग टर्मिनलमध्ये: टाइमडेटसीटीएल, जागा, सेट-लोकल-आरटीसी, जागा, 1. कमांड देवनागरीत लिहिलीय, तुम्ही अर्थात रोमन लिपीत टाइप करा, सगळी अक्षरं लहान. ती त्याच क्षणी मिंटची वेळ चिपमध्ये लिहिते, म्हणून आधी वेळ बरोबर असणं महत्त्वाचं. नंतर नुसतं टाइमडेटसीटीएल दिलं की 'आरटीसी इन लोकल टीझेड' पुढे 'येस' दिसेल आणि खाली एक लांबलचक ताकीद येईल. ती वाचून घाबरू नका.

मँचेस्टरकर:
लॅबवाले सर, ताकीद इतकी सहज उडवू नका. इथे हिवाळ्यात स्थानिक वेळ आणि यूटीसी एकच, म्हणून ऑक्टोबर ते मार्च हा आजार दिसतच नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे सरकली की माझ्या लॅपटॉपवर दोघांत एक तासाचा फरक. लोकल-आरटीसी करून बघितलं, तर वेळ बदलल्यावर विंडोजआधी लिनक्स सुरू झालं की नेट मिळेपर्यंत पुन्हा एक तास चूक, कारण चिपमधला आकडा बदललाय की नाही हे कळायला काही मार्गच नाही.

म्हणून मी विंडोजलाच यूटीसी धरायला लावलं. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकेईवाय लोकल मशीन, त्यात सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन. तिथे 32 बिटचा नवा डीवर्ड, नाव रिअलटाइमइजयुनिव्हर्सल, सगळं सलग, किंमत 1. मग रीस्टार्ट. शटडाउन नको, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, त्याचा गाभा (कर्नेल) डिस्कवर साठवून नुसता झोपवला जातो.

लॅब_सहायक:
तुमच्यासाठी तेच योग्य. ती ताकीद टाइम झोन बदलणाऱ्यांसाठी आणि उन्हाळी वेळ पाळणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे देशभर एकच वेळ आणि वर्षातून दोनदा घड्याळ फिरवायची भानगड नाही. (मुंबई 1955 पर्यंत स्वतःची वेळ पाळत होती, यूटीसीच्या 4 तास 51 मिनिटं पुढे. तेव्हा ड्युअल बूट असतं तर मी ही नोकरीच सोडली असती.) शिवाय लोकल ठेवलं की मिंटची वेळ जुळवणारी सेवा चिपला हातच लावत नाही. चिपचा एकच मालक राहतो, विंडोज. संगमनेरच्या दुकानाला हे पुरे.

आता गावाकडचे पीसीवाले, तुमचं दुखणं वेगळं आहे, त्याला मात्र बॅटरीच. तारीख मूळ जागी जाते म्हणजे वीज तुटल्यावर चिपची आठवण पुसली जाते. साइट उघडत नाहीत कारण सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि संपण्याची तारीख असते, आणि तुमच्या मशीनच्या मते ती सुरूच झालेली नाही. मदरबोर्डवरची सीआर2032 बॅटरी काढून मल्टिमीटर लावा. नवी 3 व्होल्टच्या आसपास दाखवते, तुमची अडीचच्या खाली असेल तर फेका. आणि रात्री बोर्डाचं बटण बंद करता का? बटण चालू असेल तर एसएमपीएसच्या (मशीनच्या पॉवर सप्लायच्या) स्टँडबायवर घड्याळ चालतं, बंद केलं की सगळा भार त्या नाण्याएवढ्या सेलवर.

गावाकडचा_पीसी:
बटण बंद करतो हो, विजा कडाडतात इकडे. बटण बंदच राहील, सेल आणतो.

अक्षरजुळणी:
मिंटवाला उपाय केला. ताकीद आली, बघितली, पुढे गेले. मिंट, विंडोज, परत मिंट असं फिरवून पाहिलं, नेट काढूनही पाहिलं. दोन्हीकडे वेळ बरोबर. मँचेस्टरकर, रजिस्ट्रीला हात लावलेला नाही, काळजी नसावी.

एकच विचारायचं राहिलं. जुन्या फाइलींच्या वेळा आता आपोआप सुधारतील का?

लॅब_सहायक:
नाही. घड्याळ चुकलेलं असताना सेव्ह झालेल्या फाइलींवर चुकीची वेळच कोरली गेलीय. त्या काळातल्या पत्रिका एकदा उघडून बघा आणि नावातच तारीख घाला. नावात तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. 'फायनल 3' ही पद्धत बंद करा, तिच्यापुढे कुठलंच घड्याळ टिकत नाही.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन बंद करून टाका. घड्याळासाठी नव्हे. ते चालू असलं की मिंटमधून विंडोजचा ड्राइव्ह फक्त वाचता येतो, त्यात सेव्ह होत नाही, आणि मग तुम्ही त्यासाठी नवा धागा काढाल.

अक्षरजुळणी:
काढणारच होते! डी ड्राइव्हमध्ये सेव्ह होत नाही म्हणून कालपासून पेनड्राइव्हवरून नेआण चाललीय. आत्ता बंद करून बघते.