भावाला पेरूच्या जंगलात अयाहुआस्का घ्यायला जायचंय. कोणाला खरी माहिती आहे का?

कापूसवाली (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार. मी शेती करते, वय ४१. प्रश्न माझ्या लहान भावाचा आहे. तो ३४ वर्षांचा, पुण्यात कंपनीत आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमचे बाबा कोरोनाने गेले. बेड मिळावा म्हणून भाऊ त्यांना गाडीत घालून आधी यवतमाळ, मग अमरावती फिरला. नेरच्या पुढे गाडीतच बाबांचा श्वास थांबला. गाडी भाऊच चालवत होता. तेव्हापासून तो रात्री झोपत नाही. घरी आला की धुऱ्यावर बाबांच्या बाभळीखाली जाऊन बसतो आणि हाक मारली तरी वळून पाहत नाही. दीड वर्षापासून पुण्यातल्या डॉक्टरांची फ्लुऑक्सेटिन २० ची, म्हणजे नैराश्यावरची, गोळी सुरू आहे. मी विचारलं, बरं वाटतं का? म्हणाला, "ताई, रडू येत नाही एवढंच. पन आतून काईच वाटत नाही."

आता त्याने ठरवलंय की पेरू देशात इक्वितोस नावाच्या शहराजवळ जंगलात आठ दिवस राहायचं आणि चार रात्री अयाहुआस्का नावाचा काढा प्यायचा. दीड लाख रुपये त्या केंद्राचे, विमानाचे वेगळे. ऑक्टोबरचं तिकीट काढून झालंय. तिथल्या लोकांनी गोळ्या बंद करून या असं सांगितलं, म्हणून हा जायच्या दहा दिवस आधी बंद करणार आहे.

आईला त्याने फोनवर व्हिडिओ दाखवला. एक म्हातारी बाई अंधारात गाणं म्हणते आहे. आईची कावीळ लहानपणी पांढरकवड्याकडच्या एका वैदूच्या पाल्याने उतरली होती, तेव्हापासून तिचा झाडपाल्यावर विश्वास. ती म्हणते, "जंगलातल्या मानसाले झाडाची भाषा समजते. बरं होत असन त जाऊ दे त्याले." मी पण तसंच म्हटलं असतं. पण परवा त्याच व्हिडिओत माणसं बादलीत ओकताना दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला.

त्याला अडवावं असं मला वाटत नाही. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा त्याने स्वतःहून काही ठरवलंय. पण हा काढा नक्की काय आहे, गोळीचं आणि त्याचं काही वाकडं आहे का, हे मला कळलं पाहिजे. इथे दारव्ह्यात विचारावं असं कोणी नाही.

---

पायवाट

ताई, मी अकोल्याचा. २०२३ मध्ये गेलो होतो, त्याच भागात. माझ्या बाबतीत चांगलं झालं, आधी हेच सांगतो. सोळा वर्षांची दारू होती, तिच्याकडे मी तिथे पहिल्यांदा नीट पाहिलं.

इक्वितोसला बाहेरच्या शहरांतून रस्ता जात नाही. लिमाहून विमान, नाहीतर नदी. तिथून आम्ही आणखी तीन तास बोटीत होतो. रात्री गवताने शाकारलेल्या मोठ्या गोल झोपडीत बसवतात, तिला मलोका म्हणतात. प्रत्येकाला एक गादी, एक बादली. दिवा विझवतात. बाई आधी मापाचोचा, म्हणजे तिकडच्या कडक रानतंबाखूचा धूर तुमच्यावर फुंकते. काढा अर्धा पेला, कडू आणि दाट, काकवी जळाल्यासारखा. अर्ध्या-पाऊण तासाने चढतो, चार-पाच तास राहतो. ओकारी होतेच. तिकडे ती साफसफाई समजतात, वाईट नाही. गाण्यांना इकारो म्हणतात. गाणं बदललं की आतलं सगळं बदलतं, हे मी सांगून पटणार नाही.

पण दुसरी रात्र मी विसरू शकत नाही. शेजारचा एक मुलगा उठून नदीकडे पळाला. त्याला धरायला दोघं होते, पण नाडी पाहता येणारं कोणीच नव्हतं. सगळ्यात जवळचा दवाखाना तीन तास बोटीने. मला तेव्हा कोणतीही गोळी सुरू नव्हती. भावाला आहे, आणि माझा अनुभव त्याच्यापुढे ठेवताना मला त्याचीच भीती वाटते.

आणखी एक. पिवळ्या तापाची लस जायच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची आणि कार्ड जपायचं. ते नसेल तर परत आल्यावर आपल्याकडे विलगीकरणात ठेवतात. येताना काढ्याची बाटली आणायचा विचारसुद्धा करू नका. त्यातलं डीएमटी हे नशेचं द्रव्य आपल्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे.

---

मेळघाट सिस्टर

बाई, मी धारणी तालुक्यात उपकेंद्रावर एकोणीस वर्षं काढली. आधी गोळीचं बोलते, बाकी मागून.

या काढ्यात दोन वनस्पती असतात. एका झुडपाच्या पानांत डीएमटी असतं. नुसती पानं उकळून प्यायली तर काहीच होत नाही, कारण आपल्या आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) आहे, ते डीएमटी फोडून टाकतं. दुसरी असते वेल. तिच्यातलं हार्मिन आणि हार्मलिन त्या विकराला काही तास अडवून धरतं. म्हणून डीएमटी रक्तात जातं आणि मेंदूपर्यंत पोचतं.

आता हेच विकर शरीरातलं सेरोटोनिन नावाचं, मनःस्थितीशी संबंध असलेलं रसायनही फोडतं. तुमच्या भावाची गोळी सेरोटोनिन वाढवते. एकीकडे वाढवणारी गोळी, दुसरीकडे फोडणारं विकर बंद. मग घाम, थरथर, स्नायू ताठ, नाडी पळते, ताप चढतच जातो, माणूस भ्रमतो. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात, आणि यात माणूस दगावू शकतो. बोटीने तीन तासांवर दवाखाना असेल तर काय होईल ते मी सांगायला नको.

फ्लुऑक्सेटिन तर या सगळ्या गोळ्यांत शरीरात सर्वांत जास्त रेंगाळणारी. तिच्यानंतर विकर अडवणारं औषध द्यायचं असेल तर डॉक्टर पाच आठवडे थांबतात. दहा दिवसांत ती अंगातून जात नाही. आणि पाच आठवडे थांबायचं म्हटलं तरी ते स्वतःच्या मनाने नाही. गोळी थांबली की मूळ दुखणं उसळून येतं, आणि तेव्हा पोरगा पुण्यातल्या खोलीत एकटा असतो. खोकल्याच्या काही औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि दुखण्यावरची ट्रॅमॅडॉल, यांचंही या काढ्याशी जमत नाही.

अजून एक विचारते, रागावू नका. तुमच्या घरात, आईकडे किंवा बाबांकडे, कोणाला आवाज ऐकू येणं, संशय येणं, उन्मादाचा आजार असं काही होतं का? असेल तर हा काढा त्याच्यासाठी नाहीच. आपल्याकडे ही गोष्ट लपवतात, म्हणून नीट विचारा.

जंगलातल्या माणसाबद्दल आई म्हणतात ते मला समजतं. कोरकू आदिवासींचे भुमका, म्हणजे वैदू, मोडलेलं हाड बांबूच्या कामट्यांत असं बसवतात की मी स्वतः माझ्या पुतण्याला तिथे नेलं होतं. आणि त्याच गावांत लेकराचं पोट फुगलं तर तापलेल्या विळ्याने पोटावर डंबा देतात. वीस दिवसांच्या लेकराच्या पोटावरचे ते डाग मी धुतलेत. म्हणून मी दर वेळी विचारते, कोणता माणूस, कोणतं औषध, कोणतं दुखणं.

रात्री-बेरात्री भावाला फार वाटलं तर टेलि-मानस ही सरकारी मदतवाहिनी, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात.

---

वायगाव हळद

मी समुद्रपूर तालुक्यातला. शिक्षण वनस्पतिशास्त्राचं. २०१६ मध्ये रोपवाटिकेच्या कामासाठी सात महिने पेरूतल्या पुकाल्पा शहराजवळ यारिनाकोचा तळ्याकाठी एका शिपिबो आदिवासी कुटुंबात राहिलो. उकायाली नदीच्या काठाने हे लोक राहतात. घरातली आजी गाणारी होती.

वेलीचं शास्त्रीय नाव बॅनिस्टेरिऑप्सिस कापी. आपली माधवीलता, जिला काही जण हळदवेल म्हणतात, तिच्याच कुळातली. पण हिचा दांडा दोराला पीळ द्यावा तसा आणि मनगटाएवढा जाड. क्वेचुआ भाषेत अया म्हणजे मृत किंवा आत्मा, वास्का म्हणजे दोर. पानांचं झुडूप चाक्रुना, ते कॉफीच्या कुळातलं, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या कॉफीचा नातलग. वेल लाकडी मोगरीने ठेचायची, पातेल्यात एक थर वेलीचा, एक थर पानांचा, आणि दिवसभर आटवायची. आजीच्या अंगणात ती चूल पेटली की पोरांना तिकडे फिरकू देत नसत.

सगळ्यात महत्त्वाचं मला तिथे जे समजलं ते हे. जुन्या रीतीत उपचार करणारी बाई किंवा बुवा स्वतः काढा प्यायचा, रोग्याने प्यायलाच पाहिजे असं नव्हतं. आजी प्यायची, रोग्याच्या शेजारी बसायची, त्याचं दुखणं तिला दिसायचं आणि ती त्यावर गायची. रोगी निजलेला असायचा. सगळ्यांना ओळीने बसवून पेला देणं हे बाहेरचे पाहुणे यायला लागल्यावर वाढलं. आपल्याकडचा पडिहार अंगात आल्यावर बोलतो, समोर बसलेल्याच्या अंगात येत नाही, तसंच ते. आजीने स्वतः हे शिकायला कित्येक महिने एका झोपडीत एकटीने काढले होते. मीठ नाही, साखर नाही, डुकराचं मांस नाही, नवऱ्याची सोबत नाही. एका वेळी एकच झाड. त्याला ते दिएता म्हणतात. आठ दिवसांत चार पेले घेणाऱ्या माणसाला या मेहनतीचा फक्त शेवटचा घोट मिळतो, असं मला वाटतं.

म्हणून मी याला भोंदूगिरी म्हणणार नाही. २००८ मध्ये पेरू सरकारने अॅमेझॉनच्या लोकांचं हे पारंपरिक ज्ञान राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. ब्राझीलमध्ये नाताल शहरात औषधाला दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २९ रोग्यांवर प्रयोग झाला, २०१९ मध्ये तो छापून आला. काढा घेतलेल्यांना सात दिवसांनी खोटा काढा घेतलेल्यांपेक्षा खरोखर उतार होता. पण ते दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली, रोगी निवडून. आणि २९ म्हणजे २९. तारापोतो शहरात १९९२ पासून ताकिवासी नावाचं केंद्र आहे, तिथे व्यसनी माणसांना कित्येक महिने ठेवून डॉक्टर आणि वनस्पती दोन्ही वापरतात. आठ दिवसांची घाई तिथेही नाही.

भावाने त्या केंद्राला एक गोष्ट नक्की विचारावी: काढ्यात तोए घालता का? तोए म्हणजे खाली लोंबणाऱ्या मोठ्या फुलांचं झाड, आपल्या धोत्र्याचं भावंड. काही जण जास्त दिसावं म्हणून त्याची पानं टाकतात. धोत्रा खाल्लेलं माणूस आपल्या गावात सगळ्यांनी पाहिलंय.

थोडं विषय सोडून. १९८६ मध्ये एका अमेरिकन माणसाने या वेलीच्या एका प्रकारावर चक्क पेटंट घेतलं होतं. अॅमेझॉनच्या आदिवासी संघटना १९९९ मध्ये त्याविरुद्ध गेल्या आणि ते रद्द झालं, मग २००१ मध्ये त्याला परत मिळालं, आणि मुदत संपेपर्यंत राहिलं. आपलं हळदीचं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं ते माशेलकरांच्या लढ्याने. आमच्या घरी तीन पिढ्या हळद आहे. ही गोष्ट मी आजीला सांगितली तेव्हा ती खूप वेळ माझा हात धरून बसली होती.

---

कापूसवाली

सिस्टर, तुमचं वाचून काल आईला विचारलं. ती तुरीची डाळ पाखडत होती. आधी नाही म्हणाली. मग सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुह्या घाटंजीच्या मामाले बाहेरचं लागलं नव्हतं. त्याले आवाज येत. नागपूरच्या मनोरुग्णालयात दोन वर्षं होता. तुमची लग्नं व्हायची होती म्हनून सांगतलं नाही कोनाले." मी ४१ वर्षांची झाले, मला आज कळलं.

भावाला लगेच फोन लावला. हे सगळं वाचून दाखवलं, मामाचंही सांगितलं. तो गप्प होता. मग म्हणाला, "ताई, गोळी म्या चार दिवसापासून बंद केली." माझे हातपाय गळाले. फोन चालू ठेवूनच त्याला डॉक्टरांना दुसऱ्या फोनवरून लावायला सांगितलं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू करायला आणि सोमवारी येऊन भेटायला सांगितलं. रात्री गोळी घेतल्याचा फोटो आला.

काढा पिणार नाही असं त्याने कबूल केलं. तिकीट मात्र रद्द केलेलं नाही. तो म्हणतो, बाबांच्या गाडीतल्या त्या रात्रीबद्दल मला कोणीतरी माझ्यासाठी गावं एवढंच हवंय. हळदवाले दादा, न पिता नुसतं बसू देतात का तिथे? तो पोळ्याला घरी येतो आहे, तेव्हा त्याला काय सांगू?

---

वायगाव हळद

बसू देतात. सात महिन्यांत मी एकदाही प्यायलो नाही. आजी मला दाराजवळ बसवायची, तळ्यावरची हवा यायची तिथे, आणि माझ्यासाठीही गायची. माझे वडील त्याच वर्षी गेले होते आणि मला यायला जमलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

पण त्यासाठी ऑक्टोबरमध्येच जायला हवं असं नाही. त्याच्या डॉक्टरांना हे नीट सांगू द्या, काय म्हणतात ते पाहू. शिपिबो बाया कापडावर गाण्याची नक्षी भरतात, केने म्हणतात तिला. आजीने निघताना मला एक कापड दिलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुलगावहून दारव्ह्याला येतो, कापड घेऊन. भाऊ बाभळीखाली बसला असेल तर तिथेच बसू.